स्टिअरिंगवरचं स्वस्तिक

वाकडं काही दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. धंदाच तसा आहे. चिकपेटेजवळच्या गल्लीत माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळे माझ्या हातून काचेखाली जातात. कुणाकडे चहाला गेलो तरी आधी त्यांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करतो आणि मग खुर्चीत बसतो. बायको म्हणते, "तुमच्याबरोबर कुठं जायची सोय नाही." म्हणू दे. पण या खोडीपायी मी माझ्या सख्ख्या बहिणीला पाच महिने छळलं, आणि तेही तिला कळू न देता. ते आज सांगून टाकतो.

बहीण म्हणजे आमची अक्का. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं घर बेंगळुरात चार पिढ्यांचं. घरात मराठी बोलतो, पण ती मला तम्मा म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि त्या हाकेला मी या वयातही ताडकन उठतो. अक्का शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तेव्हा लोकांना वाटलं आता ही यात्रेला जाईल. तिनं एक जुनी जीप घेतली आणि दगडधोंड्यांत हिंडायला लागली. आज रामनगरकडे, उद्या कोलारकडे. गाडी जाईल तिथवर न्यायची, खडकावर बसून डबा खायचा, परत यायचं. "काय, देवदर्शन झालं का?" असं कुणी खवचटपणे विचारलं की म्हणायची, "झालं की. रांगसुद्धा नव्हती."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तिनं जीप उंच करून घेतली. दगडांना गाडीचं पोट घासायचं, म्हणून. एका गॅरेजवाल्यानं पुढच्या पाट्यांना लांब पट्ट्या लावून गाडी चार बोटं वर उचलून दिली. (या जुन्या जीपला गुंडाळीच्या स्प्रिंगा नसतात, एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. सगळी गाडी त्यांच्यावर तोललेली.) दिसायला काय रुबाबदार दिसत होती! पण ती उंच झालेली जीप अक्का जेमतेम घरापर्यंत घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. आत पट्टी घातली, स्क्रू घातले, वर प्लास्टर. जीप तीन महिने अंगणात उभी.

मधे खंडेनवमी आली. इथली आयुधपूजा म्हणजे काय थाट असतो, रिक्षापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हार. दर वर्षी अक्का स्वतः स्टिअरिंगच्या मधल्या टोपणावर स्वस्तिक काढते. कुंकवाचं काढलं तर हाताला लागतं, म्हणून माझ्या दुकानातल्या लाल ऑइल पेंटनं. त्या वर्षी तिचा हात गळ्यात, तेव्हा काम माझ्याकडे आलं. मी जुनं स्वस्तिक खरवडून नवं काढायला बसलो तर काय! पुढची चाकं सरळ, आणि स्टिअरिंग वाकडं. स्टिअरिंगचे आरे एका बाजूला झुकलेले. टोपण नुसतं फिरवून स्वस्तिक सरळ झालं असतं, पण आरे वाकडेच राहिले असते ना! मला कुठला दम. पाना आणला, मधला नट सोडवला, दोन हिसके देऊन स्टिअरिंग काढलं, आतल्या दात्यांवर थोडं फिरवून सरळ बसवलं, नट आवळला. मग झकास स्वस्तिक काढलं. अक्का बाहेर आली, बघून म्हणाली, "सरी, बरोबर, छान जमलंय रे." मी कॉलर ताठ केली. स्टिअरिंग काढल्याचं सांगायची गरजच वाटली नाही. त्यात सांगण्यासारखं होतं काय?

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं आणि अक्का पुन्हा जीपमध्ये बसली. पहिल्याच दिवशी परत आली ती चेहरा पाडून. "गाडी ऐकत नाही रे. सरळ रस्त्यावर भरकटते. खड्डा आला की स्टिअरिंग हातातून पळतं." गॅरेजवाल्यानं थरथर थांबवायचा एक दांडा लावून दिला. थरथर जरा दबली, भरकटणं राहिलं. मग अक्कानं ठरवून टाकलं की दोष गाडीत नाही, हातात आहे. दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायची. जेवताना चेंडू, टीव्हीसमोर चेंडू. मी समजूत घालायचो, "वय झालं अक्का, स्वल्प वेळ लागेल." काय ही माझी समजूत! ती हाताकडे असं बघायची, जसं वर्गातल्या ढ पोराकडे बघावं.

एक दिवस सरळ म्हणाली, "तम्मा, गाडी देऊन टाकते. सर्जापूर रोडवरचा एक मुलगा विचारत होता, पुण्याचा आहे, रविवारी न्यायला येतो म्हणालाय. माझा हात गेला. आता कुणाचा जीव घ्यायची वेळ यायच्या आत थांबलेलं बरं." आवाजात रडणं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं. अक्काकडून जीप काढली तर उरतं काय? चार भिंती आणि रबरी चेंडू. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. आपण पॉवर स्टिअरिंग बसवू. एका बोटानं फिरेल." ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. सोमवारी तिला आणि जीपला घेऊन यशवंतपूर गाठलं.

यशवंतपूरच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक मेस्त्री आहेत. मूळचे निपाणीकडचे. बरीच वर्षं कारखान्यात फिटर होते, आता पत्र्याच्या शेडमध्ये उंच केलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग आणि पाटे एवढंच काम करतात. माणूस बारका, कानावर पेन्सिल, खिशात दोऱ्याचं रीळ आणि पितळी ओळंबा. गवंड्याकडे असतो तसला ओळंबा. मी मनात म्हटलं, वा, गाडी दुरुस्त करणार की भिंत बांधणार?

मी तावातावानं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही फक्त पॉवर स्टिअरिंग बसवा." ते माझ्याकडे बघतच नव्हते. अक्काला म्हणाले, "अक्का, चालवतंय कोण? तुम्ही न्हवं? मग काय होतंय ते तुम्ही सांगा." आणि मला, "तुम्ही जरा गप बसा की ओ." माझ्या तोंडावर! पण बसलो.

अक्कानं वर्गात उदाहरण सोडवावं तसं नीट सांगितलं. किती वेगाला भरकटते, कुठल्या बाजूला, खड्ड्यात स्टिअरिंग कुठं पळतं. मेस्त्रींनी ऐकलं आणि पहिलं काम काय केलं असेल तर गॅरेजवाल्यानं लावलेला तो थरथर दाबणारा दांडा काढून बाजूला ठेवला. "हिचं तोंड दाबून ठेवलंय. तोंड सोडल्याबिगर ती सांगणार कशी, कुठं दुखतंय ते?"

मग अक्काला गाडीत बसवलं, इंजिन बंद. "स्टिअरिंग फिरवू नका. निस्तं हलवा. पाळणा हलवल्यागत." आणि स्वतः गाडीखाली गेले. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जेवढे सांधे होते, एकेकावर तळहात ठेवून पडून राहिले. डोळे मिटलेले. मी वाकून बघत होतो. एका सांध्यावर हात, गप. दुसऱ्यावर हात, गप. तिसऱ्यावर म्हणाले, "हां. हितं." माझं बोट धरलं आणि त्या सांध्यावर टेकवलं. आईशप्पथ सांगतो, डोळ्यांना काहीच हलताना दिसत नव्हतं, पण बोटाखाली काहीतरी बारीक टिकटिकलं. अंगावर काटा आला माझ्या. मी काचेवरचा केसाएवढा ओरखडा दुरून ओळखतो, त्याचा मला फार ताठा होता. इथं हा माणूस लोखंडाची नाडी बघत होता.

पुढं त्यांनी मला आणि शेजारच्या लेथवाल्याला पुढच्या बंपरवर चढवलं. "नाचा." आम्ही दोघं ढेरपोटे त्या बंपरवर वरखाली नाचलो, आणि आत अक्का किंचाळली, "अय्यो, हे बघा!" तिनं दोन्ही हात वर धरले होते आणि स्टिअरिंग आपलं आपण डावीउजवीकडे फिरत होतं. गाडी खाली गेली की डावीकडे, वर आली की उजवीकडे. भूत बघितल्यासारखे आम्ही नाचायचे थांबलो.

मेस्त्रींनी समजावलं. स्टिअरिंगच्या पेटीतून एक दांडा चाकाकडे जातो. तो जवळजवळ आडवा हवा. गाडी उंच केली, पेटी वर गेली, चाकं खालीच राहिली, दांडा जिन्यासारखा उतरता झाला. आता चाक वरखाली झालं की दांडा त्याला ढकलतो नाहीतर ओढतो. "खड्डा आला की गाडी स्वतःच वळाय बघत्या. तुम्ही फिरवा, न फिरवा." शिवाय लांब पट्ट्यांनी पुढचा आस पुढं झुकला होता. आस मागं कललेला असला की चाकं सोडून दिली तरी सरळ येतात. तो कलच गेलेला. अक्का गाडीतून उतरून शेडच्या फरशीवर खडूनं कोन काढायला लागली, मेस्त्री शेजारी उकिडवे बसून मान डोलवत होते. मला कुणी विचारत नव्हतं.

आणि मग ते झालं. मेस्त्रींनी तो दांडा पेटीकडून सोडवला, म्हणजे स्टिअरिंग चाकांपासून मोकळं झालं. "अक्का, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फेरे मोजा." अक्कानं मोजले. साडेतीन. "आता निम्मे मागं घ्या." अक्कानं पावणेदोन फेरे मागं घेतले. "झालं मधोमध. बघा आता."

स्वस्तिक तिरकं झालं होतं. पुरतं कलंडलेलं, आरे भलतीकडे.

"पेटीतले दात मधोमध घट्ट बसत्यात आणि बाजूला ढिले असत्यात. वळणावर ढिलं चालतंय, सरळ रस्त्यावर न्हाई," मेस्त्री म्हणाले. "ही गाडी सरळ जाताना पेटी बाजूला. म्हणजे कायम ढिल्यात चाललेली. गाडी उंच केल्यावर स्टिअरिंग वाकडं झालं असंल. ते दांड्याची लांबी बदलून सरळ करायचं असतंय. कुणीतरी स्टिअरिंगच काढून सरळ बसवलंय. दिसाय सरळ. कुणी काढलेलं?"

ते लाल स्वस्तिक माझ्याकडे बघत होतं, माझ्या दुकानातला पेंट, माझ्या हातचा ब्रश. आणि मी काय बोललो? "गॅरेजवाल्यानं काढलं असेल." इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

अक्का अजून गाडीत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे, मेस्त्री, माझा हात..." मेस्त्री फडक्याला हात पुसत होते. त्यांनी वर बघितलं. "ह्या हालतीत किती दिवस चालवलासा?"

"पाच महिने. आठवड्यातून दोनदा."

"पाच महिने!" त्यांनी फडकं खाली ठेवलं. "अक्का, मी ही गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायला दोनदा विचार करीन. सांधा ढिला, पेटी ढिली, आस वाकडा, खड्ड्यात आपली आपण वळणारी. ज्या हातानं ही पाच महिने रस्त्यावर ठेवली, त्या हाताला काय धाड भरल्या? मला दावा बरं तो हात."

अक्कानं खिडकीतून हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता बघितला, मनगटावरच्या टाक्यांच्या खुणेसकट, आणि जोडलेले हात कपाळाला लावून नमस्कार केला. अक्का तोंड फिरवून बसली. मी शेडच्या बाहेर गेलो आणि चहाच्या टपरीसमोर उगाच उभा राहिलो.

चार दिवस काम चाललं. अक्का रोज मेट्रोनं जायची, मी दुकान टाकून मागोमाग. त्या लांब पट्ट्या निघाल्या. त्या जागी जास्त बाक असलेले नवे पाटे आले, म्हणजे उंची राहिली पण धड रीतीनं. पेटीखाली जास्त खाली उतरणारा लोखंडी हात बसला, त्याला नव्या सांध्यांसकट जाड नवा दांडा, आणि तो आता जवळजवळ आडवा. आस आणि पाटा यांच्यामध्ये मेस्त्रींनी पोलादी पाचर घातली, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. तेवढ्यानं आस मागं कलला. ओळंबा सोडला, दोरा ताणला, पाचर काढली, किंचित घासली, पुन्हा घातली. तीनदा! मी म्हटलं, "मेस्त्री, एवढा फरक कुणाला दिसणार?" ते म्हणाले, "दिसणार न्हाई. अक्काच्या हाताला कळंल." मी आयुष्यभर दिसण्यासाठी सरळ केलं, तसबिरी काय, स्टिअरिंग काय. हा माणूस न दिसणारं सरळ करत होता, आणि मी थक्क होऊन बघत होतो. थक्क आणि चोरटा, दोन्ही. दर वेळी अक्का हसून बोलली की माझी जीभ उचलायची आणि पुन्हा खाली बसायची.

सगळ्यात शेवटी त्यांनी पेटी मधोमध आणली, चाकं सरळ केली, स्टिअरिंग काढून नीट बसवलं. मग मला आणि लेथवाल्याला पुन्हा बंपरवर चढवलं. आम्ही नाचलो. गाडी वरखाली झाली, स्वस्तिक जागचं हललं नाही. पॉवर स्टिअरिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

शनिवारी सकाळी मेस्त्री म्हणाले, "न्या, फिरवून आणा." अक्का आणि मी तुमकुरू रस्त्याला लागलो. सरळ मोकळा पट्टा आला तशी तिनं दोन्ही हात स्टिअरिंगपासून बोटभर दूर घेतले. जीप नाकासमोर चालली. अक्का हसायला लागली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "तम्मा, माझा हात बरा आहे रे. कधीचाच बरा होता. आणि मी मेली रोज त्याला शिव्या देत होते. देवासमोर बसून म्हणायचे, घे बाबा, हा हात गेला असं समजते."

पुढं एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथं तिनं गाडी आत घातली आणि चढासमोर थांबवली. मला आता गिळवेना.

"अक्का, ते स्टिअरिंग गॅरेजवाल्यानं नाही काढलं. मी काढलं होतं. खंडेनवमीला. स्वस्तिक वाकडं दिसत होतं म्हणून."

ती माझ्याकडे वळली. इंजिन चालू होतं.

"आणि मेस्त्रींनी विचारलं तेव्हा?"

"भ्यालो."

"उतर," ती म्हणाली.

उतरलो. तिनं गाडी चढाला घातली. तो चढ म्हणजे माणसानं चारी हातापायांवर चढावा असला. गाडीचं एक चाक वर, एक खड्ड्यात, पाटे ताणले जाताना आणि दबताना दिसत होते, पोट कुठंही घासत नव्हतं. आणि खिडकीतून मला तिचे हात दिसत होते. शांत. खाली एवढी उलथापालथ आणि वर ते हात जणू वहीवर रेघ मारत होते. जिन्यावरून पडलेली माझी अक्का, पासष्टीला आलेली. माझे हात कधी जोडले गेले, मला कळलं नाही. वर पोचल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तशीच बसली. मी खाली उन्हात उभा. वर जायचं धाडस नव्हतं.

मग ती तशीच सावकाश खाली आली आणि माझ्याजवळ थांबली. रागानं चेहरा लाल होता. "पाच महिने माझा हात मेला असं मला वाटत होतं. आणि तू शेजारी बसून म्हणायचास, वय झालं अक्का."

मी मान खाली घातली.

"बस," ती म्हणाली. मी बसलो. तिनं पर्समधून तो रबरी चेंडू काढून माझ्या मांडीवर टाकला. "आणि आता त्या सर्जापूर रोडच्या मुलाला फोन लाव. सांग, उद्या येऊ नकोस, गाडी द्यायची नाही."

मी फोन काढला. "काय कारण सांगू?"

"खरं सांग."

पलीकडून तो मुलगा अगदी आदबीनं बोलला, "हो काका, बोला ना, काही प्रॉब्लेम झाला का?" अक्कानं गाडी गिअरमध्ये घातली, उजवा हात स्टिअरिंगवर, नजर समोर. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तो चेंडू घट्ट धरून मी पहिल्यापासून सांगायला लागलो, की माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे, आणि मला वाकडं काही बघवत नाही.